दातांमागची तार निवडताना

माझ्या खालच्या सहा दातांमागे एक बारीक तार चिकटवलेली आहे. ती बसवून तीनेक वर्षं झाल्यावर एका रात्री फ्लॉस करताना, म्हणजे दातांमधल्या फटी दोऱ्याने साफ करताना, दोरा नेहमीसारखा कंपोझिटच्या (तार दाताला धरून ठेवणाऱ्या, दातांच्या रंगाच्या भरावाच्या) ठिपक्याखाली अडला नाही. ठिपका आणि दात यांच्या मधून तो अलगद वर आला. ठिपका दातापासून सुटला होता. तार जागच्या जागी होती. दुखत नव्हतं, टोचत नव्हतं, जिभेलाही काही वेगळं लागत नव्हतं. आरशात निरखून पाहिलं तेव्हा दिसलं की तो एक दात शेजाऱ्यापेक्षा किंचित पुढे आलाय. तो कधी सुटला होता, कालच की चार महिन्यांपूर्वी, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

अशा तारेला फिक्स रिटेनर म्हणतात; ब्रेसेस काढल्यावर सरळ झालेले दात जागेवर ठेवणं हे तिचं काम. तेव्हापासून कुणी मला विचारलं की कोणता फिक्स रिटेनर चांगला, तर मी उलट विचारतो: तो बिघडला तर तुला कळेल का? मजबुती, दिसणं, आधुनिकपणा या सगळ्या गोष्टी मी या प्रश्नानंतर ठेवतो. कारण फिक्स रिटेनर कधी ना कधी कुठेतरी सुटणार, हे धरूनच चालायचं असतं. प्रत्येक प्रकाराची सुटण्याची तऱ्हा मात्र वेगळी असते, आणि निवड करायची ती त्या तऱ्हेची.

## दात परत का सरकतात

दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचं आवरण असतं, आणि हिरडीतले तंतूही दाताला सगळीकडून धरून असतात. ब्रेसेसनी दात हलवला की हे तंतू ताणले जातात. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात, हिरडीतल्या जाड तंतूंना चार ते सहा महिने लागतात. हिरडीतले लवचीक तंतू मात्र सगळ्यांत हट्टी. त्यांना वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. म्हणूनच गोल फिरवून सरळ केलेला दात सर्वांत आधी परत फिरू पाहतो.

वर्ष उलटलं म्हणजे सुटलो, असंही नाही. वयाबरोबर खालच्या जबड्यातली दातांची कमान हळूहळू अरुंद होत जाते आणि पुढच्या दातांत गर्दी वाढते. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रेसेस लावल्या नाहीत त्यांच्यातही हे होतं. अमेरिकेतल्या सिअॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढून उपचार केलेल्या रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. रिटेनर बंद करून दहा वर्षं झाली तेव्हा खालचे पुढचे दात समाधानकारक सरळ राहिलेले रुग्ण तीस टक्क्यांहूनही कमी होते, आणि वीस वर्षांच्या आसपास हे प्रमाण दहा टक्क्यांवर आलं होतं. यामुळेच आता बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे तज्ज्ञ, सांगतात की दात जोवर सरळ हवेत तोवर रिटेनर.

जाता जाता एक गोष्ट. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, ही समजूत फार जुनी आहे. अभ्यासांतून तिला म्हणावा तसा आधार मिळालेला नाही. तेव्हा केवळ दात सरळ राहावेत म्हणून अक्कलदाढ काढायला कुणी सांगितलं, तर दुसरं मत घ्या.

## आधी ठरवा: तुम्हाला फिक्स हवा का

रिटेनरचे दोन मोठे वर्ग. एक, काढता-घालता येणारे: पारदर्शक प्लास्टिकचा साचा, किंवा अॅक्रिलिकचा पत्रा आणि पुढून तार असलेला हॉली रिटेनर. दुसरा वर्ग म्हणजे दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला चिकटवलेली तार. पहिल्याची सगळी मदार तुमच्या शिस्तीवर असते, तर दुसऱ्यासाठी साफसफाई आणि तपासणी करत राहावी लागते. रिटेनरवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यातही, 2023च्या आवृत्तीपर्यंत, कोणत्याही एका प्रकाराला निर्विवाद विजेता ठरवण्याइतका पुरावा सापडलेला नाही. त्यामुळे निर्णय तुमच्या तोंडाकडे आणि तुमच्या सवयींकडे पाहूनच करावा लागतो.

फिक्स तारेकडे माझा कौल झुकतो तो अशा वेळी: पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट होती आणि ती बंद केली आहे, दात बरेच फिरलेले होते, खालच्या पुढच्या दातांत खूप गर्दी होती, किंवा हिरडीच्या जुन्या आजाराने दातांचा हाडातला आधार कमी झाला आहे. या शेवटच्या प्रसंगात आजार आटोक्यात आणून मगच तार बसवायची. सूज असलेल्या हिरडीशेजारी तार लावली तर घाण अडकायला आणखी एक जागा तयार होते, एवढंच. आणि स्वतःशी प्रामाणिक राहून एक प्रश्न विचारायचा: प्लास्टिकचा रिटेनर मी दररोज रात्री, वर्षानुवर्षं, खरंच घालेन का? उत्तर देताना नजर चुकवावीशी वाटली तर तार लावा.

थांबावं कुणी? ब्रश करायचा ज्यांना मुळातच कंटाळा आहे त्यांनी, ज्यांच्या दातांना पटापट कीड लागते त्यांनी. वरच्या दातांसाठी आणखी एक अडचण असते. खालचे दात वरच्या दातांच्या आतल्या बाजूवर खोलवर आपटत असतील तर तिथे तारेला जागाच उरत नाही. रात्री दात खाणाऱ्यांची तारही वारंवार सुटते.

## तारांचे प्रकार, आणि प्रत्येक कशी दगा देते

फक्त सुळ्यांना चिकटवलेली जाड तार. साधारण 0.032 इंच, म्हणजे जवळपास 0.8 मिलिमीटर जाडीची स्टीलची तार. ती खालच्या सहाही दातांमागून जाते, पण चिकटते फक्त दोन टोकांच्या सुळ्यांना. मधले चार पटाशीचे दात तिला नुसते टेकून असतात. चिकटवलेल्या जागा दोनच, त्यामुळे सुटण्याच्या जागाही दोनच. आणि एक टोक सुटलं की तार लगेच हलते, जिभेला लागते, त्याच दिवशी कळतं. माझ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दुसरा कुठलाच प्रकार देत नाही. साफसफाईही त्या मानाने सोपी. उणीव अशी की मधले दात बांधलेले नसल्यामुळे ते पुढच्या बाजूला सरकू शकतात किंवा थोडे फिरू शकतात. मुळात दात फारसे फिरलेले नव्हते, फक्त दोन सुळ्यांमधलं अंतर राखायचं आहे, अशा माणसाला ही तार छान. गर्दी खूप होती त्याला अपुरी.

प्रत्येक दाताला चिकटवलेली पिळाची तार. आज सर्वाधिक दिसते ती हीच. तीन किंवा पाच बारीक तारांचा पीळ, एकूण जाडी साधारण 0.0195 ते 0.0215 इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नॉर्वेच्या ब्यॉर्न झाक्रिसन यांनी 1970च्या दशकात पिळाच्या तारेची ही पद्धत पुढे आणली. कल्पना साधी आहे. चावताना प्रत्येक दात थोडा हलतो आणि तसा तो हलायलाही हवा. पिळाची तार लवचीक असल्यामुळे ती हालचाल होऊ देते, पण दाताला जागा सोडू देत नाही. पिळाच्या खाचांत कंपोझिट घट्ट बसतं हा आणखी एक फायदा. सहाही दात धरले जात असल्यामुळे रांग राखण्यात ही तार सुळ्यांपुरत्या तारेच्या पुढे आहे.

दगा कसा देते ते सुरुवातीला सांगितलंच. एक ठिपका सुटतो, बाकीचे पाच तारेला धरून ठेवतात आणि वरवर सगळं आलबेल दिसतं. सुटलेला दात मात्र मोकळा झालेला असतो. म्हणून या तारेबरोबर महिन्याची तपासणी ही अट समजायची.

मऊ तार आणि चपटी साखळी. काही डॉक्टर पीळ दिलेली पण पूर्ण मऊ केलेली तार वापरतात. ती बोटानेही वाकते आणि वाकवली तशीच राहते. काही जण दागिन्यातल्या नाजूक साखळीसारखी दिसणारी चपटी धातूची साखळी लावतात. दोन्हींचा मोठा गुण हा की त्यांच्यात स्प्रिंगसारखा जोर साठून राहत नाही. दातांच्या आकारावर त्या बसवायलाही सोप्या. हा गुण किती मोलाचा ते पुढे येईलच. पण मऊपणाची दुसरी बाजूही आहे: कडक काही चावताना अशी तार दबून वाकू शकते, आणि मग दात त्या वाकलेल्या तारेबरोबर जातो.

काचेच्या किंवा पॉलिथिलिनच्या तंतूंची पट्टी. यात धातू नसतो. तंतूंची पट्टी रेझिनमध्ये भिजवून दातांमागे चिकटवतात आणि वरून कंपोझिटचा थर देतात. दातांच्या रंगाची असल्याने दिसत नाही, निकेलची अॅलर्जी असलेल्यांनाही चालते. माझं मत विचाराल तर तसं खास कारण असल्याशिवाय मी ही निवडणार नाही. पट्टी एकदा कडक झाली की दातांना ती एकत्र जखडून ठेवते, त्यांची नैसर्गिक हालचाल अडते आणि तो ताण चिकटवणीवर येतो. मग ती तडकते. दुरुस्ती तारेपेक्षा किचकट, आणि दातांमधल्या फटी कंपोझिटने भरल्या गेल्या तर फ्लॉसला वाटच राहत नाही.

संगणकावर आखलेली निकेल-टायटॅनियमची तार. दातांचं स्कॅन घेऊन तारेचा आकार संगणकावर आखायचा आणि मग ती तार वाकवण्याऐवजी पत्र्यातून कापून काढायची, अशी ही पद्धत. तार साधारण 0.014 इंच, म्हणजे 0.36 मिलिमीटर. दातांच्या वळणांना इतकी तंतोतंत चिकटून बसते की जिभेला जवळजवळ जाणवत नाही. वरच्या दातांमागे जागा कमी असेल तेव्हा तिचा खरा उपयोग होतो. पण नेमकेपणा आहे म्हणून ती सुटत नाही, असं समजू नका. चिकटवण शेवटी त्याच कंपोझिटची आणि त्याच डॉक्टरांच्या हातची. तार तुटली तर साध्या तारेसारखी दवाखान्यातल्या दवाखान्यात नवी वाकवता येत नाही, पुन्हा मागवावी लागते. आणि निकेल-टायटॅनियममध्ये वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं, तेव्हा अॅलर्जी असलेल्यांनी आधीच सांगायला हवं.

## तार शाबूत आणि दात वाकडे

ही गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. सगळे ठिपके घट्ट, तार अखंड, तरी दात हलतात. हलवते कोण, तर ती तारच. चिकटवताना तारेत थोडाही ताण राहिला, किंवा नंतर काहीतरी कडक चावताना ती किंचित वाकली, किंवा तिचा पीळ हळूहळू उलगडू लागला, तर ती ब्रेसेससारखंच काम करू लागते. फरक एवढाच की आता तिला दिशा द्यायला कुणी नसतं.

याचे दोन नमुने पुन्हा पुन्हा दिसतात. एकात शेजारशेजारचे दोन पटाशीचे दात विरुद्ध दिशांना कलतात. बाजूने पाहिलं तर इंग्रजी एक्स अक्षरासारखे दिसतात, म्हणून त्याला एक्स इफेक्ट म्हणतात. दुसऱ्यात एका बाजूचा सुळा बाहेर झुकतो आणि दुसऱ्या बाजूचा आत, जणू अख्खी रांग कुणी पिळली आहे. प्रमाण कमी आहे, वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात एक ते पाच रुग्णांच्या आसपास. पण दुर्लक्ष झालं तर मूळ हाडाच्या बाहेरच्या कडेला सरकतं, तिथली हिरडी खाली उतरते आणि मग निस्तरायला ब्रेसेसच नव्हे, हिरडीची शस्त्रक्रियाही लागू शकते.

म्हणून आरशात पाहताना दातांची रांगच नव्हे, हिरडीची रेषाही पाहा. एकाच दाताची हिरडी खाली सरकताना दिसली, किंवा एक दात अचानक शेजाऱ्यापेक्षा लांब वाटू लागला, तर तार घट्ट आहे या भरवशावर बसू नका. अशा वेळी आधी तार काढतात, मग दात सरळ करायचा विचार करतात.

## किती दात, वर की खाली

खाली बहुधा सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दात. उपदाढ काढून ती जागा बंद केली असेल तर तार त्या जागेमागच्या दातापर्यंत वाढवायची का, ते विचारा. ती फट पुन्हा उघडण्याची शक्यता असते. वर अनेकदा मधले चार दात पुरतात. पुढच्या दोन दातांमधली फट एवढाच प्रश्न असेल तर दोनच दातांवर भागतं. वरची तार खालच्या दातांचा मार खाते, त्यामुळे ती जास्त सुटते. म्हणूनच मला खाली तार आणि वर रात्री घालायचा प्लास्टिकचा रिटेनर ही जोडी पटते.

खालच्या तारेवरूनही रात्री एक पारदर्शक रिटेनर घालायला मिळाला तर उत्तम. तो दुहेरी संरक्षण देतोच, शिवाय पहारेकऱ्याचं काम करतो. काल सहज बसत होता आणि आज कुठेतरी आवळतोय, म्हणजे दात हलला, मग तार कितीही निर्दोष दिसो. गरम पाण्याने मात्र तो धुऊ नका. आकार बिघडला की पहारेकरी खोटी बातमी देऊ लागतो.

## ब्रेसेस काढण्याआधी विचारून ठेवा

तार कोणत्या प्रकारची, किती दातांना, आणि माझ्यासाठी हीच का? ब्रेसेस काढायच्या दिवशीच बसणार ना? (मधले काही दिवससुद्धा नुकत्याच फिरवलेल्या दाताला पुरतात. काही डॉक्टर ब्रॅकेट (दातांवर चिकटवलेले ब्रेसेसचे तुकडे) असतानाच मागून तार चिकटवून घेतात, ते उत्तम.) उपचार संपतानाचं स्कॅन किंवा साचा जपून ठेवणार का, आणि त्याची प्रत मला मिळेल का? ठिपका सुटला तर किती दिवसांत वेळ मिळेल? दुरुस्तीचा खर्च उपचारात धरला आहे का, आणि किती काळ? पुढे तपासणी कोण करणार, तुम्ही की माझे नेहमीचे दंतवैद्य?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण ऑर्थोडॉन्टिस्टला वाटतं दंतवैद्य पाहतात, दंतवैद्याला वाटतं ऑर्थोडॉन्टिस्ट पाहतात, आणि तार मधल्या मधे बेवारस राहते.

## बसवण्याच्या दिवशी काय काय होतं

खुर्चीत काय चाललं आहे ते माहीत असलं की नीट बसता येतं आणि गरज पडली तर तोंडातून शब्द काढता येतो. क्रम साधारण असा.

1. दातांची आतली बाजू स्वच्छ केली जाते. तिथे कीटण असेल तर ते आधी खरवडून काढायला हवं. कीटणावर चिकटवलेला ठिपका कीटणासकट निघतो.
2. तार दातांवर टेकवून पाहतात. जोर न लावता ती प्रत्येक दाताला आपोआप टेकली पाहिजे. बोटाने दाबून धरावी लागत असेल आणि दाबलेल्या अवस्थेतच चिकटवली, तर तो ताण तारेत राहतो. एक्स इफेक्टची बीजं इथेच पडतात.
3. ओलावा रोखण्यासाठी कापूस आणि थुंकी ओढणारी नळी लावतात. संपूर्ण कामातला हा सर्वांत नाजूक भाग. चिकटवताना थुंकी लागली तर ठिपका फार टिकत नाही. दात ओला झालाय असं वाटलं तर हात वर करून सांगा, कुणी रागावणार नाही.
4. फॉस्फोरिक आम्लाची जेल, बहुधा 37 टक्क्यांची, अर्ध्या मिनिटाच्या आसपास लावून धुतात. वाळल्यावर इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, खडूसारखं पांढुरकं दिसलं पाहिजे.
5. त्यावर चिकटद्रव, मग तार, मग कंपोझिटचे ठिपके. निळ्या प्रकाशाने प्रत्येक ठिपका कडक करतात. तार जागेवर धरायला फ्लॉसचे फास किंवा सिलिकॉनचा साचा वापरतात.
6. ठिपके घासून गुळगुळीत करतात. वरच्या दातांना तार असेल तर रंगीत कागद चावायला देऊन खालचे दात तारेवर आपटतात का ते पाहतात.

उठण्याआधी तीन गोष्टी करा. जीभ फिरवून कुठे टोक टोचतंय का पाहा. फ्लॉसची वाट प्रत्येक फटीतून मोकळी आहे ना हे तिथेच, डॉक्टरांसमोर तपासा. आणि मोबाइलवर दातांच्या आतल्या बाजूचा नीट फोकस केलेला फोटो घ्यायला सांगा. हा फोटो पुढे फार कामाला येतो.

सुरुवातीचे काही दिवस जीभ तिथेच घुटमळते, एखादा उच्चार अडखळतो. आठवडाभरात विसरायला होतं. बरेचसे ठिपके सुटतात ते पहिल्या सहा महिन्यांत, तेव्हा त्या काळात लक्ष जास्त ठेवा. समोरच्या दातांनी कडक काही तोडणं, पेनचं टोपण चावणं, नखं कुरतडणं हे तेव्हाही नको आणि नंतरही नको.

## साफसफाई: रोजची पाच मिनिटं

खालच्या पुढच्या दातांच्या मागेच लाळग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेतल्या खनिजांमुळे कीटण सर्वांत वेगाने तिथेच साठतं, तार असो वा नसो. तार लावली की साठायला आणखी आधार मिळतो.

ब्रश उभा धरा, म्हणजे त्याचं टोक दातांच्या आतल्या बाजूला पोचेल. आधी तारेच्या वरून, मग तारेखालून हिरडीच्या कडेला, छोट्या हालचालींनी घासा. छोट्या डोक्याचा किंवा एकाच झुपक्याचा ब्रश मिळाला तर काम सोपं होतं.

फ्लॉस नेहमीसारखा वरून खाली जाणार नाही, वाटेत तार आहे. म्हणून प्लास्टिकचा कडक फास वापरतात, सुईत दोरा ओवावा तसा. फासात फ्लॉस ओवा, फास पुढच्या बाजूने दोन दातांमधल्या फटीत, हिरडीजवळून आत घाला आणि जिभेच्या बाजूने ओढून घ्या. आता दोऱ्याची दोन टोकं दोन बाजूंना. आधी एका दाताच्या कडेला इंग्रजी सी अक्षरासारखा वळवून वर-खाली तीन-चारदा, मग शेजारच्या दाताच्या कडेला तसंच. दोरा सोडून बाहेर ओढा आणि पुढच्या फटीकडे वळा. सहा दात म्हणजे पाच फटी. पहिल्या दिवशी मला पंधरा मिनिटं लागली होती आणि चिडचिडही भरपूर झाली होती. दोन आठवड्यांत हात बसला. एका टोकाला कडक, मधे स्पंजासारखा जाड असा तयार फ्लॉसही मिळतो, त्याने वेगळ्या फासाची गरज राहत नाही. फटी मोठ्या असतील तर दातांमधला बारीक ब्रश चालतो. पाण्याची धार मारणारं यंत्र अन्नाचे कण काढतं, पण चिकट थर दोऱ्याइतका निघत नाही. हात थरथरतात किंवा फ्लॉस जमतच नाही अशांनी ते जरूर घ्यावं. दोरा जमत असेल तर मात्र यंत्राच्या भरवशावर तो सोडू नये.

एवढं करूनही कीटण साठेल. सहा महिन्यांनी एकदा, लवकर साठत असेल तर त्याआधी, दंतवैद्याकडून साफ करून घ्या, आणि मागे तार आहे हे आधीच सांगा. साफ करणाऱ्या उपकरणाचा जोर थेट ठिपक्यावर पडला तर तो निघू शकतो.

## महिन्यातून एकदा, दोन मिनिटांची तपासणी

एक तारीख ठरवा. चांगला उजेड, दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा.

1. दात कोरडे करा. ओल्या कंपोझिटच्या कडा दिसत नाहीत.
2. प्रत्येक ठिपक्याची कड पाहा. भेग, काळपट रेषा, किंवा ठिपका झिजून तार उघडी पडलेली दिसली तर नोंद करा.
3. फ्लॉस तारेखालून घेऊन प्रत्येक दातामागे वरच्या दिशेने हलकेच ओढा. ठिपक्याखाली अडला तर ठीक. मधून वर आला तर तो दात सुटलाय.
4. तारेखाली नख घालून उचकटू नका. प्रत्येक दातावर मागून बोटाचं टोक ठेवून पुढून हलका दाब द्या. ठिपका आणि दात वेगवेगळे हलताना जाणवले तर सुटलंय.
5. नवा फोटो काढून पहिल्या दिवसाच्या फोटोशेजारी ठेवा. रांग पाहा आणि हिरडीची कडही पाहा.

माझा दात सुटला तेव्हा माझ्याकडे पहिल्या दिवसाचा फोटोच नव्हता. आता किती सरकलाय ते ताडायला मला जुने, हसतानाचे फोटो मोठे करून पाहावे लागले.

## सुटली किंवा तुटली तर

घाबरू नका, पण पुढच्या नेहमीच्या तपासणीपर्यंत थांबूही नका. त्याच दिवशी फोन करा आणि नेमकं सांगा: कोणता दात, ठिपका सुटलाय की तार तुटली आहे, कधी लक्षात आलं. फोटो पाठवा. पारदर्शक रिटेनर असेल आणि तो बसत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत दिवसरात्र घाला, फक्त खाताना काढा. जोर लावून बसवायची वेळ आली तर घालू नका, डॉक्टरांना तेही सांगा.

तारेचं टोक टोचत असेल तर ब्रेसेसच्या वेळचं मेण त्यावर गोळी करून दाबा. घरातली पक्कड, नेलकटर यांनी कापण्याचा मोह टाळा. सुटलेला तुकडा घशात, वाईटात वाईट श्वासनलिकेत जाऊ शकतो. घरगुती गोंदाने चिकटवणं तर नाहीच नाही.

दुरुस्तीच्या वेळी एक आग्रह धरा. पुन्हा चिकटवण्याआधी त्या दाताची जागा जुन्या साच्याशी किंवा स्कॅनशी ताडून पाहायला सांगा. सरकलेला दात आहे तिथेच चिकटवला तर रिटेनर त्याला इमानदारीने वाकडाच ठेवतो. थोडंसं सरकलं असेल तर काही आठवड्यांत, पारदर्शक अलाइनरने (दात हलवणाऱ्या प्लास्टिकच्या साच्याने) किंवा थोड्या ब्रॅकेटनी, तो परत आणता येतो. आणि एकच ठिपका वारंवार सुटत असेल तर तोच पुन्हा चिकटवत राहू नका. तारेत ताण आहे, चावा तिथे पडतोय किंवा आधीच्या वेळी ओलावा राहिलाय, यातलं कारण शोधून तार बदलणं बरं.

## राहिलेल्या गोष्टी

एमआरआय करायची वेळ आली तर रेडिओलॉजी विभागाला तारेबद्दल आधीच सांगा. घट्ट चिकटलेल्या तारेपासून सहसा धोका नसतो, पण स्टीलमुळे आसपासची प्रतिमा खराब होते. तोंड किंवा चेहऱ्याच्या भागाचा एमआरआय असेल तर डॉक्टर ती काढायला सांगू शकतात. काढल्यावर त्याच दिवसापासून घालता येईल असा प्लास्टिकचा रिटेनर आधी करून ठेवा.

स्टीलच्या तारेतही थोडं निकेल असतं. बहुतेक अॅलर्जी असलेल्यांना तोंडात त्याचा त्रास होत नाही, तरी नकली दागिन्यांनी कान किंवा मनगट लाल होत असेल तर बसवण्याआधी बोला. टायटॅनियमची तार किंवा तंतूंची पट्टी हे पर्याय तेव्हा कामी येतात.

तार कधी काढायची याची ठरलेली तारीख नसते. हिरडी सतत सुजत असेल, ठिपक्यांखाली कीड दिसू लागली असेल किंवा तारच दात हलवत असेल तर ती काढलेलीच बरी. काढण्याचं काम सोपं असतं: ठिपके घासून काढतात, तार निघते, दात पॉलिश करतात, सुई टोचावी लागत नाही. फक्त त्या खुर्चीत बसण्याआधी नवा प्लास्टिकचा रिटेनर हातात असू द्या, आणि तो त्याच रात्री घाला.